काल तर चांगलं होतं, मग आज तुटलं कसं? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की घरातली कुठली धातूची वस्तू तुटली असेल आणि का तुटली ते कळलं नसेल तर लिहून पाठवा. भरपूर पत्रं आली, बहुतेक नागपुरातलीच, आणि उन्हाळा नुकताच सरल्यामुळे कूलरची सगळ्यात जास्त. जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं एकच, काल रात्रीपर्यंत व्यवस्थित होतं आणि एकदम तुटलं. तर आधी हे सांगतो की यातलं बहुतेक काहीच एकदम तुटलेलं नाही, चीर कितीतरी दिवस, कधी कधी वर्षं, आत सरकत होती आणि आपल्याला फक्त शेवटचा क्षण दिसला. म्हणून एक विनंती, तुटलेला तुकडा भंगारवाल्याला देऊ नका, आधी नीट पाहा, दोन्ही तुटके भाग एकमेकांवर घासू नका, कारण का तुटलं ते त्या तुटलेल्या तोंडावरच लिहिलेलं असतं.

प्रश्न : काका नमस्कार, मे महिन्यात आमच्या कूलरच्या पंख्याची एक पाती रात्री तुटून जाळीवर आदळली, सगळं घर उठून बसलं, जाळी होती म्हणून वाचलो. पंखा ॲल्युमिनियमचा, तीनच सीझन चालला. कूलरवाला म्हणते का उन्हानं धातू नरम पडते, ४६ डिग्रीत काय टिकणार. असं खरंच होते का? आता लोखंडी पंखा टाकू का?
(मानेवाडा)

उन्हानं नाही हो. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, आपल्या नागपूरचं ऊन कितीही कडक असलं तरी ४५-४६ डिग्रीत पातीच्या ताकदीला काही होत नाही. ऊन जबाबदार आहे ते इतक्यापुरतंच की उन्हामुळे कूलर दिवसरात्र चालतो. खरं कारण फटीग, म्हणजे एकाच जागी छोटा छोटा ताण पुन्हा पुन्हा येत राहणं. एकदा आला तर धातूला काहीही होणार नाही इतका कमी ताण, पण लाखो वेळा आला की जिथे तो ताण गोळा होतो तिथे बारीक चीर पडते आणि पुढे सरकत जाते.

आता आकडा बघा. कूलरची मोटर मिनिटाला साधारण १४०० फेरे मारते. पंख्यामागे मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, पाती प्रत्येक फेऱ्याला त्या पट्टीसमोरून जाते तेव्हा हवेचा दाब बदलतो आणि पाती किंचित वाकून सरळ होते. तासाला ८४,००० वेळा, रोज दहा तास धरले तर ८ लाख ४० हजार, म्हणजे बाराव्या दिवशी एक कोटी पार. आणि नागपुरात कूलर दहाच तास चालतो असं घर मला मे महिन्यात तरी दाखवा. पट्ट्या एकापेक्षा जास्त असतात, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच.

त्यात पाती मधल्या चकतीला रिव्हेटनं ठोकलेली असते. पत्र्याला भोक पाडलं की भोकाच्या काठावर ताण बाकीच्या पत्र्याच्या साधारण तिप्पट होतो, हे गणित १८९८ सालापासून माहीत आहे. भोक पंच करून पाडलं असेल, काठ खडबडीत राहिला असेल, तर आणखी जास्त. तुमची पाती पाहा, ९९ टक्के रिव्हेटच्या भोकातूनच फाटलेली असणार.

बरं, स्टीलची एक चांगली गोष्ट असते, ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळजवळ कितीही वेळा सहन करतं. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादाच नाही, ताण कमी असला तर जास्त दिवस चालेल इतकंच, म्हणून त्याचा हिशेब नेहमी फेऱ्यांवर ठेवावा लागतो. (ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आपल्या वाडीतच आहे, अमरावती रोडनं जाताना कितीतरी जण तिच्यासमोरून जातात पण माहीत नसतं, पोरांना आवर्जून सांगा.)

तरी तीन सीझन म्हणजे फारच लवकर, त्याला आणखी एक कारण असणार. बोअरचं पाणी वापरत असाल तर पात्यांवर पांढरा क्षार जमतो, आणि तो सगळ्या पात्यांवर सारखा जमत नाही. मग पंखा एका बाजूला जड होतो, थरथरतो, आणि आपण म्हणतो आवाज येऊन राहिला पण हवा तर चांगली लागते ना, चालू दे. ती थरथर म्हणजेच वाढलेला ताण आहे. ताण थोडासा जरी वाढला तरी आयुष्य थोडंसं कमी होत नाही, कित्येक पटीनं कमी होतं, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही.

लोखंडी पंखा मी सुचवणार नाही, जड असतो, मोटरच्या शाफ्टवर आणि बुशवर (शाफ्ट ज्या कडीत फिरतो तिच्यावर) भार येतो, आणि कूलरच्या ओलाव्यात गंज धरला की स्टीलची ती मर्यादासुद्धा राहत नाही. ॲल्युमिनियमचाच घ्या पण रिव्हेट घट्ट आणि भोकांचे काठ साफ आहेत ते बघून घ्या. एकच पाती बदलून घेऊ नका, बाकीच्या पात्यांनी तितकेच फेरे खाल्लेले आहेत, पूर्ण पंखा बदला. समोरची पाती काढून बॅलन्स करून देतो म्हणणाऱ्याला तर हातच लावू देऊ नका. आणि दर वर्षी कूलर माळ्यावरून काढला की प्लग काढलेला असतानाच पात्या खरवडून पुसून घ्या, प्रत्येक रिव्हेटभोवती टॉर्च तिरका धरून पाहा. केसाएवढी काळी रेघ दिसली किंवा रिव्हेटच्या कडेनं काळी भुकटी दिसली तर तिथे पत्रा हलतोय, घासतोय. तो पंखा त्या दिवसापासून बंद.

प्रश्न : दादा, आमच्या हॉलमधला छताचा पंखा फुल स्पीडवर डुलतो. सासूबाई म्हणतात वीस वर्षं डुलतोच आहे, काही होत नाही. मला खाली बसायची भीती वाटते. कोण बरोबर?
(धरमपेठ)

तुम्ही बरोबर. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की वीस वर्षं डुलला म्हणून पुढे डुलायला हरकत नाही असं फटीगमध्ये चालत नाही, उलट वीस वर्षांचे फेरे खर्च झालेत.

छताचा पंखा मिनिटाला ३५० ते ४०० फेरे फिरतो, तासाला वीस हजाराच्या वर. पंखा बॅलन्समध्ये असेल तर वरच्या दांडीला फक्त वजन पेलायचं असतं, ते ती पन्नास वर्षं पेलेल. डुलणारा पंखा मात्र प्रत्येक फेऱ्याला दांडी चारही बाजूंनी वाकवतो, आणि ते वाकणं नेमकं तिथे येतं जिथे दांडीला बोल्टसाठी भोक आहे किंवा आटे आहेत, म्हणजे सगळ्यात कमजोर जागी.

मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून वरची वाटी खाली सरकवून घ्या आणि समोर उभं राहून पाहा. हुकावरचं रबर कडक होऊन फुटलंय का, बोल्ट निसटू नये म्हणून त्यात घालतात ती स्प्लिट पिन आहे का (कितीतरी घरांत तिच्या जागी तारेचा तुकडा वळवून घातलेला सापडतो, हे फार वाईट आहे), हुक जिथे घासतो तिथे किती झिजलाय, दांडीच्या भोकाच्या कडेला रेघ आहे का. मग पात्या. पाती ज्या पट्टीवर बसते त्या पट्टीच्या वळणावर आणि स्क्रूच्या भोकांवर चीर शोधा. सगळ्या पात्यांची टोकं छतापासून सारख्या अंतरावर आहेत का ते मोजपट्टीनं मोजा, एक जरी खाली-वर असली तरी पंखा डुलणार. एका पंख्याच्या पात्या दुसऱ्याला लावू नका, कंपनी वजन जुळवून सेट देते. रंगकाम करताना पात्या काढून भलत्याच पंख्याला लावल्या की डुलणं सुरू होतं. तुमच्याकडे तसंच झालं असेल तर आधी ते तपासा.

प्रश्न : आमच्या वाड्यात ओसरीवर बंगई (झोपाळा) होती, वडिलांच्या काळातली. मागच्या महिन्यात वरच्या हुकाचा बोल्ट तुटला, नातू पडला, थोडक्यात निभावलं. तुटलेल्या बोल्टचा फोटो पाठवतो आहे. लोहाराला दाखवला तर तो म्हणाला, "लोखंड दाणेदार झालं, मालच कच्चा होता." चाळीस वर्षं चाललेला माल कच्चा कसा?
(महाल)

तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि फोटो तुम्ही इतका स्वच्छ काढलात की मला त्यावर सविस्तरच लिहायचं आहे.

फोटोत तुटलेल्या तोंडाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. एका कडेपासून सुरू होऊन अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट, आणि त्यावर एकाच बाजूनं पसरत गेलेल्या वाकड्या रेषा, नदीच्या काठावर पाणी ओसरताना वाळूत राहतात तशा. उरलेला भाग खडबडीत, चकचकीत, दाणेदार. त्या रेषा म्हणजे चिरीचा प्रवास आहे. चीर आट्याच्या खाचेत सुरू झाली, बंगई वापरात होती तेव्हा सरकली, थांबली, पुन्हा सरकली, मधल्या काळात हवा आणि ओल लागून तो भाग काळा पडला. दाणेदार भाग हा शेवटचा, उरलेलं लोखंड वजन पेलू शकलं नाही आणि त्या एका झोक्यात तुटलं. म्हणजे नातू बसला तेव्हा बोल्ट आधीच निम्म्याहून जास्त तुटलेला होता. पोराचं वजन किती असणार, दोष त्याचा मुळीच नाही, घरात कोणी त्याला बोललं असेल तर त्याची समजूत काढा.

लोहारदादा जे म्हणतात ते मी हलक्यात घेत नाही, कारण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे इंजिनियर हेच म्हणायचे. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाकं ज्यावर बसतात तो दांडा, तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि किमान ५० माणसं गेली. तेव्हा समज असा होता की लोखंड मुळात धागेदार असतं आणि हादरे खाऊन खाऊन ते आतून दाणेदार होतं. रँकिन नावाच्या तरुण इंजिनियरनं तुटलेले आस पाहून पुढच्याच वर्षी सांगितलं की लोखंड बदलत नाही, चीर आसाच्या काटकोनी कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू आत जाते, कोपरा गोलाई देऊन बनवा. मग जर्मनीत व्होलर यांनी १८५० च्या आणि ६० च्या दशकात रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि दाखवलं की वजन किती टांगलंय यापेक्षा ताण वर-खाली किती होतो यावर आयुष्य ठरतं. १९०३ साली युइंग आणि हम्फ्री यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा कळलं की धातूच्या कणांच्या आत थर एकमेकांवरून घसरतात, तिथे बारीक पट्टे उमटतात, आणि त्या पट्ट्यांतूनच चीर जन्म घेते. दाणे पहिल्यापासूनच असतात, लोखंड एकदम तुटतं तेव्हा ते उघडे पडतात एवढंच. तर लोहारदादांना सांगा की माल कच्चा नव्हता, जोडाची पद्धत चुकीची होती.

ती कशी, तर तुमचा हुक छतात घट्ट आटलेला आहे. बंगई पुढे जाते तेव्हा साखळी बोल्टला पुढे वाकवते, मागे येते तेव्हा मागे. साखळी दोन मीटरची धरली तर एक पूर्ण झोका साधारण पावणेतीन-तीन सेकंदांचा, तासाला बाराशेच्या वर झोके. रोज एक तास धरला तरी वर्षाला साडेचार लाख. आणि वाड्यातल्या बंगईवर दुपारी आजी, संध्याकाळी पोरं, रात्री जेवल्यावर मोठी माणसं, एक तासावर कुठे भागतं. बोल्ट जिथे नटमध्ये शिरतो तिथली पहिली आटी सगळ्यात जास्त भार घेते, आणि आट्याची खाच म्हणजे धारदार कोपराच, तिथेच तुटायचं होतं आणि तिथेच तुटलं.

आता नवीन बसवताना त्याच मापाचा जाड बोल्ट आणून आटू नका, तो फक्त थोडा जास्त टिकेल. जोड हलता हवा. वरच्या कडीत साखळी मोकळी झुलली पाहिजे, बेअरिंगचे झोपाळ्याचे हुक मिळतात, इतवारीत लोहा ओळीत किंवा हार्डवेअरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात विचारा. हुक ज्या दिशेनं फिरतो ती दिशा झोक्याच्या दिशेला जुळवूनच बसवा, ९० अंशात उलटा बसला तर बेअरिंग असून नसल्यासारखं. बोल्ट स्लॅबच्या आरपार घेऊन वर जाड प्लेट. साखळीच्या कड्या एकमेकींत घासतात तिथली जाडी बघा, दहावा हिस्सा झिजला असेल तर साखळी बदला. आणि दुसऱ्या बाजूचा बोल्टही काढून टाका, तो न तुटला म्हणून चांगला समजू नका, त्यानं तितकेच झोके खाल्लेत.

प्रश्न : सर मी सायकलवर दूध आणि पेपर टाकतो, रोजचे तीस किलोमीटर तरी होतात. मागच्या चाकाच्या तारा तुटतच राहतात, महिन्याला एक-दोन. दुकानदार म्हणतो तारा जास्त कसल्यामुळे तुटतात, ढिल्या ठेव. तसं करून पाहिलं तर जास्तच तुटून राहिल्या, काऊन?
(पाचपावली)

कारण ढिली तार लवकर तुटते, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण दोन मीटर, तीस किलोमीटरला जवळपास पंधरा हजार फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार खाली आली की तिचा ताण कमी होतो, वर गेली की परत येतो. कसलेली तार ताण कमी होऊनही ताणलेलीच राहते. ढिली तार खाली येताच पूर्ण सैल पडते, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकात तिचं वाकलेलं डोकं हलतं, आणि वर जाताना झटका खाऊन पुन्हा ताठ होते. तुटते तीही त्याच वाकलेल्या जागी, पाहा तुम्ही. मागच्या चाकात जास्त, कारण दुधाच्या कॅनचं, पेपरचं आणि तुमचं, सगळं वजन मागे.

एकेक तार बदलत राहू नका, तीन-चार तुटल्या म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, चांगल्या मिस्त्रीकडे जाऊन त्या चाकाच्या सगळ्या तारा नव्या टाका, सगळ्या सारख्या कसून चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या, आणि पंधरा दिवस चालवल्यावर पुन्हा एकदा कसून घ्या, नव्या तारा बसतात आणि थोड्या सैल होतात. खर्च एकदा होईल पण पहाटे रस्त्यात अडकणं बंद होईल, आणि तुमच्या कामात तेच महत्त्वाचं.

प्रश्न : आमच्याकडे वीस वर्षं जुना ॲल्युमिनियमचा कुकर आहे. मुलगी म्हणते धातू थकला, फुटेल, टाकून दे. मला तो मोडीत द्यायचा जीव होत नाही.
(नंदनवन)

ताई, हिशेब करू. रोज दोनदा लावला तर वर्षाला ७३०, वीस वर्षांत साडेचौदा हजार वेळा दाब चढला-उतरला. कूलरची पाती इतके फेरे अकरा मिनिटांत मारते. कुकरचं भांडं जाड असतं, ठोक्यानं चेपलेलं किंवा आतून खोल खड्डे पडलेलं नसेल तर निव्वळ या चढउतारानं ते सहसा फुटत नाही. कुकरचे अपघात होतात ते बहुतेक दुसऱ्याच कारणांनी, शिट्टीच्या नळीत डाळीचा फेस किंवा भाताचं शीत अडकतं, सेफ्टी व्हॉल्व्ह जुना झालेला असतो किंवा त्याच्या जागी कुठला तरी लोकल बसवलेला असतो, किंवा दाब उतरायच्या आधीच झाकण ओढून काढलं जातं. नळीतून रोज उजेड पाहा, व्हॉल्व्ह आणि रबर कंपनीचंच घ्या आणि वेळेवर बदला.

फटीग शोधायचा असेल तर हँडलपाशी शोधा, भरलेला कुकर उचलताना सगळं वजन हँडलच्या दोन स्क्रूंवर आणि त्या छोट्या पट्टीवर येतं, तिथे चीर दिसली किंवा हँडल कसूनही पुन्हा पुन्हा ढिलं होत असेल तर मात्र जीव घट्ट करा आणि तो कुकर पोळ्यांचा डबा म्हणून वापरा. उकळती डाळ अंगावर येण्याची जोखीम कुठल्याच आठवणीसाठी घेऊ नये.

प्रश्न : बाथरूममधल्या पितळी नळाचा नट कुणी हातही न लावता उभा चिरला. यालाही फटीगच म्हणायचं का?
(सक्करदरा)

नाही, आणि विचारलंत ते बरं केलं, कारण चिरलं म्हणजे फटीगच असं नसतं. फटीगला ताण बदलत राहावा लागतो, नट तर एकदा कसला की तसाच बसून असतो. पितळेला वेगळा आजार आहे, आत ताण कायम असेल आणि भोवती अमोनिया असेल तर ते आपोआप चिरतं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशातलं आहे, इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागांत ठेवायचे आणि पितळी काडतुसं न वापरताच चिरायची. १९२१ मध्ये मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधलं, घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस बनवताना धातूत राहिलेला ताण. तुमच्याकडे बाथरूम धुवायचं एखादं उग्र वासाचं लिक्विड अमोनियाचं आहे का बघा, असेल तर बदला, आणि प्लंबरला सांगा नट पान्यानं जीव खाऊन आवळू नको, वॉशर चांगला टाक.

प्रश्न : स्कूटरचा स्टँड तीनदा वेल्डिंग केला, दर वेळी वेल्डिंगच्या शेजारीच तुटतो. वेल्डर म्हणतो माझा जोड तर शाबूत आहे ना. मग चुकतं कुठे?
(कामठी रोड)

वेल्डर खोटं बोलत नाही, जोड शाबूतच असणार. पण वेल्डिंगचा फुगवटा जिथे संपतो आणि मूळ लोखंड सुरू होतं तिथे एक बारीक खाच राहते, वर तिथलं लोखंड तापून पटकन थंड झाल्यानं आत ताण अडकलेला असतो, आणि फटीग ती जागा बरोबर हेरतो. म्हणूनच जास्त मजबूत स्टील वापरूनही वेल्ड केलेल्या जोडाचं आयुष्य फारसं वाढत नाही, कारण चीर सुरू होते ती त्या खाचेतून. दुसरं म्हणजे बरेचदा चीर पूर्ण न काढता वरूनच रॉड फिरवतात, चीर खाली जिवंत राहते.

त्याला असं सांगा : आधी चीर ग्राइंडरनं मुळापर्यंत काढ, चीर कुठे संपते ते नीट दिसत नसेल तर टोकाच्या थोडं पुढे छोटं भोक पाड म्हणजे धारदार टोक बोथट होईल, मग भर, मग फुगवट्याच्या कडा घासून मूळ लोखंडात गुळगुळीत मिसळव. वरून पट्टी लावायची तर चौकोनी कापून आडवी नको, टोकं निमुळती कर. आणि स्टँडचा बुश झिजलाय का ते पाहा, झिजला असेल तर खड्ड्यात गाडी आपटली की स्टँड फडफडतो, ते थांबलं नाही तर चौथ्यांदा तुटेल. स्टँडवर गाडी उभी असताना दोघं-तिघं वर बसून गप्पा मारतात तेही बंद करा.

प्रश्न : चार्जरची वायर नेहमी पिनच्या तोंडाशीच का तुटते?
(आठवीतला विद्यार्थी, हिंगणा)

कारण तिथे कडक भाग संपून नरम भाग सुरू होतो आणि सगळं वाकणं त्या एका जागी येतं. आतल्या बारीक तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. गाडीची क्लच वायर लिव्हरच्या तोंडाशी तुटते तेही असंच, पण ती आधी सांगते, एक-दोन तारा बाहेर टोचायला लागतात आणि क्लच जड होतो. घरी बाबांच्या गाडीची बघ, टोचत असेल तर त्यांना आजच सांग. चार्जर काढताना वायर ओढू नकोस, पिन धरून काढ, आणि झोपून छातीवर मोबाईल ठेवून चार्जिंग लावतात तेव्हा वायर सगळ्यात जास्त वाकते, ते टाळ.

प्रश्न : चीर डोळ्यांना दिसत नाही तेव्हा घरच्या घरी ती शोधायची काही युक्ती आहे का?
(इतवारी)

आहे, आणि जुन्या रेल्वे वर्कशॉपमध्ये हीच वापरायचे. वस्तू सोडा टाकून स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, गंज असेल तर तारेच्या ब्रशनं काढा. मग रॉकेल किंवा थोडं डिझेल घेऊन संशय असलेल्या जागी लावा आणि अर्धा तास तसंच राहू द्या, चीर असेल तर ते आत शिरतं. नंतर कोरड्या फडक्यानं वरचं सगळं पुसून काढा, अगदी कोरडं. आता खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर लावा आणि वाळू द्या. चिरीत शिरलेलं तेल हळूहळू पांढऱ्या पुडीत झिरपतं आणि सरळ काळपट रेघ उमटते. बंगईचे हुक, पंख्याची दांडी, सायकलचा क्रँक, स्कूटरचा स्टँड, सगळ्याला चालते. गॅसजवळ करू नका, गच्चीवर करा, फडकी घरात ठेवू नका, आणि कुकरला किंवा स्वयंपाकाच्या कुठल्याही भांड्याला ही युक्ती अजिबात लावू नका. रेघ उमटली तर त्यावर एम-सील लावून काम भागणार नाही. आणि उमटली नाही तरी नटच्या आत लपलेल्या आट्यांचं यातून काही कळत नाही, त्यासाठी नट पूर्ण काढूनच पाहावं लागतं.